ट्रॅम लाल होती

मंगळवारी दुपारी आम्ही दोघांनी पलंगाच्या चादरीची घडी घातली. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. त्यात विशेष काही नव्हतं.

इथे अमेरिकेत, मुलाच्या घरी, कपडे एका मशीनमध्ये धुतात आणि दुसऱ्या मशीनमध्ये वाळवतात. चादर बाहेर येते ती गरम, बोळा झालेली. सून म्हणायची, "आई, तशीच कोंबा कपाटात. कोण बघतंय?" हिला ते चालायचं नाही. मग चादरीला चार कोपरे दिलेत कशाला, असं हिचं म्हणणं. दोन कोपरे ती धरायची, दोन मी. झटकायची, ताणायची, आणि मग मी चालत जाऊन माझे कोपरे तिच्या हातात द्यायचे. पलंग मोठा, चादर त्याहून मोठी, खोलीत मावायची नाही. म्हणून ती बाथरूमच्या दारात उभी राहायची आणि मी खिडकीला पाठ लावून.

त्या दिवशी दुसरी घडी झाली आणि ही चादर मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेवर बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"थांबा हो. बघू दे जरा."

शेजाऱ्याच्या अंगणात एक झाड आहे, त्याला पांढरी फुलं आली होती. ती तिकडे बघत होती. मला तसं वाटलं. मी उभाच राहिलो. मग ती उठली, राहिलेल्या घड्या केल्या, चादर कपाटात ठेवली आणि वर हात फिरवला.

संध्याकाळी चहा पिताना ती खुर्चीतच एका बाजूला कलली. सुनेने फोन केला, गाडी लगेच आली, माणसं चांगली होती. आठ वाजायच्या आत संपलं. हृदय, असं सांगितलं. डॉक्टरीणबाई आपल्याच देशाच्या दिसत होत्या, पण बोलल्या इंग्रजीत. मुलाला त्यांनी दोन-चार गोष्टी विचारल्या. गेल्या काही दिवसांत चालताना दम लागायचा का, मधेच थांबायच्या का, कुठे जास्त दगदग झाली का. आम्ही आठ दिवसांपूर्वीच युरोपातून फिरून आलो होतो. मुलगा म्हणाला, नाही, तिथे ते सगळीकडे ट्रॅमने फिरले. मला इंग्रजी येत नाही, पण 'ट्रॅम' कळलं. मुलाने माझ्याकडे बघितलं, मी होकार द्यावा म्हणून.

मी मान हलवली. हो म्हणून.

ते खोटं होतं. ते का खोटं होतं, ते लिहितो.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. सांगलीकडे चाळीस वर्षं फरशी बसवायचं काम केलं. शहाबादी, कोटा, नंतर टाइल्स. मुलगा शिकला, इंजिनिअर झाला, इकडे आला. त्याची एक बहीण होती, ती लहानपणीच गेली. त्यामुळे तिकडे आमचं कुणी उरलं नाही, म्हणून सात वर्षांपूर्वी आम्ही दोघं अ‍ॅशबर्नला त्याच्याकडे राहायला आलो. इथे सगळं सपाट. रस्ते सपाट, फूटपाथ सपाट. रोज सकाळी आम्ही तळ्याच्या कडेने चालायचो, पुढे त्या बिनखिडक्यांच्या इमारतींपर्यंत. त्यात माणसं नसतात, नुसते कॉम्प्युटर असतात आणि त्यांची घरघर. तिथून मागे फिरायचो.

चालायची आमची पद्धत ठरलेली. मी पुढे, ही मागे. लग्न झालं त्या दिवसापासून. सत्तेचाळीस वर्षं. आमच्याकडे जोडीने कोण चालतं? मला मागे बघावं लागायचं नाही. बांगड्या वाजायच्या, चपला फटफट करायच्या, ही येतेय हे कळायचं. अमेरिकेत आल्यावर सुनेने हिला रबरी तळाचे बूट आणून दिले. बांगड्या स्वेटरच्या बाहीत गेल्या. आवाज बंद झाला. माझी मागे न बघायची सवय मात्र तशीच राहिली.

मे महिन्यात मुलाला ऑफिसच्या कामासाठी पाच दिवस प्रागला जायचं होतं. तो म्हणाला, "तुम्ही दोघं पण चला. मी दिवसभर मीटिंगला असेन, तुम्ही आरामात फिरा. जुनं शहर आहे, आईला आवडेल."

ही म्हणाली, "आपल्याला तिथलं काय कळणार?"

"इथलं तरी काय कळतं?" मी म्हटलं. म्हणून गेलो.

पहिल्याच सकाळी मुलाने कागदावर चित्र काढून दिलं. हे हॉटेल, हा पूल, हा किल्ला. किल्ला डोंगरावर. "चढू नका," तो म्हणाला. "बावीस नंबरची ट्रॅम वर जाते. तुमच्या वयाला फुकट आहे. कुणी विचारलं तर नुसता पासपोर्ट दाखवायचा."

मुलगा गेल्यावर मी हिला म्हटलं, "पासपोर्ट रस्त्यावर काढायचा नाही."

त्याला कारण होतं. माझ्या साडूचा पासपोर्ट असाच टूरवर असताना चोरीला गेला. त्याची बायको परत आली आणि तो तिकडेच. दोन आठवडे लाडू-चिवड्यावर काढले. त्यामुळे मी आमचे पासपोर्ट बॅगेत, बॅगेला कुलूप, आणि किल्ली मोज्यात, असं ठेवलं होतं. आणि फुकट कोण कुणाला नेतं? आपल्याकडे फुकट म्हटलं की पुढच्या वळणावर कुणीतरी धरतोच.

हिने त्याची सोय आधीच केली होती. जुन्या ब्लाउजच्या हिरव्या कापडाची पिशवी शिवली होती, लांब नाडी लावून. गळ्यात अडकवायची, शर्टाच्या आत. वरून बटण. काज हाताने केलेलं, इतकं घट्ट की बटण सहज निघणार नाही. अमेरिकेतून निघायच्या आधी चार दुपारी ती हेच करत बसली होती.

"यात दोन्ही मावतात," ती म्हणाली. "गळ्यातून कोण काढून घेतंय?"

"मी काय नवस बोललोय, ताईत बांधायला? नको. चालत जाऊ. पाय आहेत ना?"

"पाय आहेत हो," ती म्हणाली आणि पिशवीची घडी करून बॅगेत ठेवली. वाद घातला नाही. घालायला पाहिजे होता.

तर आम्ही चाललो. पाच दिवस चाललो.

प्रागचे फूटपाथ बघायला पाहिजेत. मुठीत मावतील एवढे चौकोनी दगड, पांढरे आणि काळे-निळे, एकाला एक लावून बसवलेले. त्यात चौकडी, त्यात पट्टे. खाली नुसती वाळू. दुसऱ्या दिवशी दोन माणसं दुरुस्ती करताना दिसली. एक गुडघ्यावर बसून हातोडीने दगडाची कड उडवायचा, फिरवून बघायचा आणि बसवायचा. मापाची पट्टी नाही, सगळं नजरेने. मी अर्धा तास बघत उभा राहिलो. तो माझ्याकडे बघून हसला, मी त्याला माझे गुडघे दाखवले, त्याने त्याचे दाखवले. दोघांचे सारखेच, काळे घट्टे पडलेले. सहलीचे पैसे त्या अर्ध्या तासात वसूल झाले असं मी हिला म्हणालो.

"लोक विमानाने येतात आणि वर बघतात," ती म्हणाली, "तुम्ही इथे येऊन पण जमीनच बघा."

"आणि तू काय बघतेस?"

"तुम्ही तुमचं खाली बघा. मी माझं वर बघते."

आणि खरंच ती बघत होती. त्या मोठ्या पुलावर दोन्ही बाजूंना दगडी पुतळे आहेत, त्यांच्या संतांचे. मी पुढे चाललेलो. काही वेळाने मागे बघितलं तर ही नाही. लांब, एका पुतळ्याजवळ कठड्याला हात टेकून उभी. मान वर. मी परत गेलो.

"काय झालं?"

"थांबा हो. बघू दे जरा."

बरं म्हटलं. पुढे गेलो. पुन्हा दुसऱ्या पुतळ्याशी तेच. तिसऱ्याशी तेच. प्रत्येकाला हात जोडायची, मग उभी राहायची.

"सगळ्यांना नमस्कार करत बसलीस तर संध्याकाळ होईल."

"होऊ दे. आपल्याला काय पंगत वाढायचीय?"

मला बरं वाटलं, हे पण सांगतो. आयुष्यभर हिला कुठे नेलं नव्हतं. जत्रा आणि लग्नं, एवढंच. वाटलं, म्हातारपणी का होईना, हिला बघायची गोडी लागली. मी चिडवायचो, पण मनात खूश होतो.

चौकात एक मोठं घड्याळ आहे. तास भरला की वरच्या खिडक्या उघडतात, बाहुल्या फिरतात, आणि बाजूला एक हाडांचा सापळा आहे, तो घंटेची दोरी ओढतो. खाली माणसांची ही गर्दी, सगळ्यांचे फोन वर. ही एका दुकानाच्या पायरीवर बसून बघत होती. शेवटी वर एक कोंबडा ओरडला आणि खेळ संपला.

"बघा," ती म्हणाली, "घंटा कोण वाजवतोय आणि लोक फोटो काढतायत."

मी हसलो. पुढच्या तासाचं पण बघायचं म्हणाली. तासभर तिथेच बसलो. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मला वाटलं, तिला खेळ फारच आवडला.

किल्ल्याला पायऱ्यांनी गेलो. रुंद, उताराच्या, दगडी, दोन्ही बाजूंना भिंत. बाजूने म्हातारी गोरी माणसंही चढत होती. मी मध्ये एकदाच थांबलो, पायरीचा दगड बघायला. ही चार वेळा थांबली. वर पोचल्यावर भिंतीवर बसली. खाली सगळं शहर, लाल कौलंच कौलं. तिचे ओठ मला निळसर दिसले. मी म्हटलं, "थंडी वाजतेय का?"

"हो. थंडी आहे."

मी माझी शाल तिला दिली. वारं होतं. मे असून थंडी होतीच. म्हणून मला खरं वाटलं.

किल्ल्याच्या फाटकाशी पहारेकरी उभे असतात, एका जागी, पापणी हलवत नाहीत. ही त्यातल्या एकाच्या शेजारच्या दगडावर टेकली आणि म्हणाली, "हा बघा. दिवसभर एका जागी उभा. नवरा असा पाहिजे."

तो शिपाई हसला नाही. त्याला मराठी येत नव्हतं म्हणून वाचला.

त्याच पायऱ्या चौथ्या दिवशी पुन्हा चढलो. का, तर आतल्या एका चर्चची फरशी मला पुन्हा बघायची होती. पहिल्या खेपेला गर्दीत नीट दिसली नव्हती. ही म्हणाली, "ट्रॅमने जायचं का आज? ती बघा, किती छान आहे, लाल." खाली रस्त्यावरून जात होती ती. मी म्हटलं, "पासपोर्ट खोलीवर आहे." ती म्हणाली, "बरं." एवढंच. पाच दिवसांत माझ्याकडे ट्रॅमचं नाव तिने ते एकदाच काढलं.

रोज संध्याकाळी मुलगा दमून यायचा आणि पहिलं विचारायचा, "आई, ट्रॅमने गेलात ना?"

मी तोंड उघडायच्या आत ही बोलायची. "गेलो की. लाल आहे. बसायला जागा मिळाली."

"पासपोर्ट विचारला का कुणी?"

"नाही रे. चांगली माणसं आहेत."

तो गेल्यावर मी म्हणायचो, "खोटं कशाला बोलतेस?"

"तो दिवसभर काम करून आलाय. तुमच्यावर ओरडेल, मग तुम्ही त्याच्यावर ओरडाल, मग मला झोप येणार नाही." आणि उशीवर टेकायची. दोन उश्या घ्यायची त्या हॉटेलात. एकीवर झोप येत नाही म्हणायची. मला वाटलं, उश्या मऊ आहेत म्हणून.

हे सगळं मला कधी कळलं? डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा. दम लागायचा का, मधेच थांबायच्या का. सुनेने ते मला मराठीत सांगायला सुरुवात केली आणि माझ्यासमोर तो पूल उभा राहिला. कठड्याला टेकलेला हात. घड्याळासमोरची पायरी. दोन उश्या. आणि दुपारी पलंगाच्या कडेवर मांडीवर चादर. चाळीस वर्षं मी लोकांच्या फरश्या ठोकून बघितल्या, कुठे आत पोकळ आहे ते हातोडीच्या आवाजावरून सांगायचो. घरात मला कळलं नाही.

आणि तरी मी मान हलवली. हो म्हणून. मुलगा समोर उभा होता, त्याचा चेहरा तसा होता, आणि मी घाबरलो. दुसरं काही कारण नाही.

एक गोष्ट आहे, ती मला सोडत नाही. परतीच्या विमानात ही मला सांगत होती. त्या पुलावर एका पुतळ्याच्या मांडीवर चिमणीने काड्या आणून ठेवल्यात. एका संताच्या हाताचं बोट तुटलंय आणि कुणीतरी नवीन लावलंय, त्याचा रंग वेगळा आहे. किल्ल्याच्या पायऱ्यांवरच्या एका घरात तिसऱ्या खिडकीत एक बाई चहाच्या किटलीने कुंड्यांना पाणी घालत होती, दोन्ही दिवशी तीच बाई. यातलं मी एकही बघितलेलं नाही. म्हणजे ती बघत होती. दम खात होती आणि बघतही होती. दम लागलेल्या माणसाचे काही डोळे मिटत नाहीत. पण यातलं किती दमासाठी आणि किती बघण्यासाठी, ते आता तिला विचारता येत नाही. ती पायऱ्या चढायला नको म्हणाली असती तर मी थांबलो असतो का, हेही मला माहीत नाही. थांबलो असतो असं लिहायला सोपं आहे.

बुधवारी सकाळी मी नेहमीसारखा पाचला उठलो. अंघोळ केली. बॅग पलंगाखाली होती, तशीच, प्रागहून आल्यापासून हिने ती पूर्ण उपसली नव्हती. मोज्यातून किल्ली काढली, कुलूप उघडलं. हिरवी पिशवी तळाशी होती. दोन्ही पासपोर्ट तिच्यात घातले. बरोबर मावले. बटण लावलं, नाडी गळ्यात घातली, वरून शर्ट घातला.

खाली स्वयंपाकघरात मुलगा टेबलाशी बसला होता. समोर लॅपटॉप. झोपला नव्हता. सून पाणी उकळत होती.

मी उभ्यानेच बोललो. बसलो असतो तर बोललो नसतो.

"आम्ही ट्रॅमने गेलो नाही."

त्याने वर बघितलं.

"एकदाही नाही. मी पासपोर्ट बाहेर काढू दिला नाही. आम्ही सगळीकडे चालत गेलो. काल दवाखान्यात मी खोटी मान हलवली."

"किल्ल्यावर?"

"चालत."

"त्या पायऱ्यांनी?"

"पायऱ्यांनी. दोनदा."

त्याने लॅपटॉप मिटला. उठला, मागचं दार उघडलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मला त्याची पाठ दिसत होती. सुनेने गॅस बंद केला आणि हातात किटली घेऊन तशीच उभी राहिली. मी पण हललो नाही. त्याने मला काहीही बोलावं, मी ऐकून घेणार होतो. कधी नव्हे ते.

बऱ्याच वेळाने तो आत आला. डोळे लाल होते.

"ती रोज सांगायची मला," तो म्हणाला. "ट्रॅम लाल आहे. बसायला जागा मिळाली."

"लाल होती," मी म्हटलं. "तेवढं खरं होतं."

"दम लागत होता तिला?"

"थांबायची. बघू दे म्हणायची. मला कळलं नाही."

त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "मी त्या डॉक्टरांना फोन करून सांगतो. त्याने आता फरक पडणार नाही. पण सांगतो."

"सांग. मी सांगितलं म्हणून सांग."

"बाबा," तो म्हणाला. टेबलावरून गाडीची किल्ली घेतली. "नऊ वाजता दवाखान्यात बोलावलंय. फॉर्म भरायचेत. आईचा पासपोर्ट लागेल. कुठे ठेवलाय तुम्ही?"

"आहे माझ्याजवळ."

मी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि नाडी ओढून पिशवी बाहेर काढली. काज घट्ट होतं. नवंकोरं, त्या सकाळी पहिल्यांदाच वापरलेलं. माझी बोटं जाड, नखं तुटलेली, बटण निघेना. सून पुढे झाली, पण मी तिला नको म्हटलं.

मुलगा दारात उभा राहिला. "सावकाश," तो म्हणाला. "वेळ आहे."